मौनीबाबांचा चातुर्मास

नाशिकरोड,
दि. २४ जून २०२४

चि. सौ. कुसाबाईस,
सावळीरामदादाचे अ. उ. आ. वि. वि.

कुसे, आज सकाळी डोळा उघडायच्या आधी कानात आपल्या नांदगावच्या शाळेचा टोल वाजला. रुळाचा हातभर तुकडा, कडुनिंबाला तारेने टांगलेला, आणि त्यावर फकिरा शिपाई लोखंडी बोल्ट हाणायचा. पहिला ठोका कोरडा, दुसरा विहिरीत पडल्यासारखा, आणि तिसरा विरेपर्यंत आपण ओळीत उभे. मग कवितेचा तास. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीचा आवाज इतका स्वच्छ ऐकू यावा आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र दोन दिसावं, हा कुठला न्याय ते मला समजत नाही.

पत्र बघून तू चकित होशील. फोनवर चौथ्या वाक्याला माझा आवाज नाकात जातो आणि तू कोण बोलतंय म्हणून विचारतेस. मोबाइलवर लिहावं तर पापण्या मिटतात. म्हणून पोस्टात गेलो. आंतरदेशीय मागितलं तर तिथल्या मुलीने मी टांगा मागितल्यासारखं पाहिलं.

रोगाचं नाव आता कळलं. मायस्थेनिया. ऐकायला परदेशी राणी वाटते, पण कामं चोरट्याची आहेत. डॉक्टरीणबाई, हर्षाली त्यांचं नाव, आपल्या शेखरपेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी समजावलं की शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच माणसांवर उठली आहे. मेंदू हुकूम सोडतो, तो स्नायूपर्यंत पोहोचतच नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी बत्तीस वर्षं काढली, तिथेही हेच चालायचं, त्यामुळे मला लगेच पटलं. दर चार तासांनी एक गोळी, शिवाय स्टिरॉइड. मी त्यावर दोन ओळीही केल्या:

पहारेकऱ्यांनी घरधन्याला चोर म्हणूनी धरले,
पापण्यांचे पडदे पाडुनि घर दिवसा अंधारले.

बागेतल्या मंडळींना ऐकवायला गेलो. तुला माहीत आहे, दर बुधवारी आम्ही पेन्शनर तिथे शाळेतल्या कविता म्हणतो. आधी शाळेतली कविता घेतली, तिच्या तिसऱ्याच कडव्याला जबडा लोंबला, शब्दांचा भात झाला. माझ्याबरोबर एकलहऱ्याला होता तो नाथा पगार सगळ्यांदेखत म्हणाला की सावळीराम सकाळी सकाळीच घेऊन आला का. सगळे हसले. मग उपाय सुरू झाले. एकाने कारल्याचा रस सांगितला, दुसऱ्याने उत्तरेला पाय करून झोपणं, तिसऱ्याने घरातला ईशान्य कोपरा. निवृत्त माणसाला पेन्शनीबरोबर वैद्यकीही चालू होते असा यांचा समज आहे.

तुझा नवा गुडघा कसा आहे? यादवरावांना नमस्कार. त्यांनी या महिन्यात एखादं वाक्य बोललं असेल तर कळवणे.

लोभ आहेच, तो माझ्या पापण्यांसारखा खाली येऊ देऊ नकोस.
तुझा,
दादा


नांदगाव,
१ जुलै

ती. दादास,
कुसाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन तीनदा पत्ता वाचून म्हणला, आजी, बँकेचं नाय, कोर्टाचं नाय, मग हे काय हाय. मी म्हणलं भावाचं हाय. तर म्हणला त्यांच्याकडं फोन नाय का.

तुझी फौज तुझ्यावरच उठली त्यात मला काय नवल वाटलं नाय. जन्मभर तू कुणाचं ऐकलं नाय, तुझं रक्त तुझं कशाला ऐकंल. आणि त्या नाथाला सांग, आमचा दादा दारू प्यायला असता तर कविता चांगली म्हणला असता.

माझा गुडघा बरा हाय. नवी वाटी बसवली, पण डॉक्टर दोन महिने गाडीत बसू देत नाय. नायतर मी आलेच असते तुझी पापणी धरून ठेवायला. शेजारीण वणीच्या गडावर गेली होती, तिच्या हाती आईला निरोप धाडला. नवस बोलले नाय. नवस म्हणजे तू दे मग मी देते, आपल्या आईशी असं कोण बोलतं. एवढंच सांगितलं, की बाई तुला अठरा हात, त्यातला एक आमच्या दादाच्या पापणीला लाव. बाकी सतरा जगाला राहू दे. आईनं त्या डॉक्टरणीला अक्कल दिली, कारखान्यात गोळी करवली, आता गिळायचं काम तेवढं तुझं. गिळायला पण तिनंच यायचं का.

गोळी वेळेवर घे. आमच्या ह्यांनी एक वाक्य बोललं. म्हणले, चहा गार झाला.

माया आहे म्हणून लागेल असं लिहिलं. राग धरला तरी पत्र धाड.
तुझी,
कुसा


नाशिकरोड,
दि. २० जुलै २०२४

चि. सौ. कुसाबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा निरोप देवीला पोहोचलेला दिसतो, पण हात बहुधा चुकीच्या माणसाच्या पापणीला लागला. शेजारचा पहारेकरी हल्ली रात्रभर जागा असतो.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात गेलो होतो. हर्षालीबाईंनी एका श्वासात आकडे मोजायला लावले. मी म्हटलं आकड्यांपेक्षा कविता बरी, तर हसल्या आणि हो म्हणाल्या. एका श्वासात चार ओळी झाल्या. ठीक आहे म्हणाल्या. पण शेखर आणि सूनबाई शुभांगी दोघांना समोर बसवून बजावलं की यांच्या आवाजावर कान ठेवा. आवाज नाकात राहायला लागला, घास अडायला लागला, तर वाट बघू नका, उचलून आणा. पुढची पायरी श्वासाची आहे. मग रक्तातलं पाणी यंत्रातून काढून बदलतात, पाच वेळा. आम्ही बॉयलरचं पाणी बदलायचो, तसंच. त्याची मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती वॉर्डातून जाताना. तिथे माझ्याच रोगाचा एक माणूस होता, उशिरा आलेला, गळ्याला भोक पाडून नळी घातलेली. तो बायकोला काहीतरी सांगत होता आणि त्याचे नुसते ओठ हलत होते. कुसे, मी घाईघाईने चप्पल शोधली.

असो. दुसरी बातमी चांगली आहे. देवशयनी एकादशीपासून मी मौन धरलं आहे. चातुर्मासाचा नेम. कोणी वांगी सोडतो, कोणी कांदा, मी बोलणं सोडलं. जगात इतकी बडबड वाढली आहे की एका माणसाने गप्प बसावं हेच पुण्य. सोबत पातळ आहार, पेज आणि ताक. शुभांगीचे डोळे भरून आले. शेखर पाया पडला. त्या मुलाने दहावीच्या निकालालाही माझ्या पाया पडणं टाळलं होतं.

तुला म्हणून एक गोष्ट. काल न्हाणीघरात नळ सोडून पुटपुटून पाहिलं. एका श्वासात दोन ओळी झाल्या. थकवा असेल. घरात गप्प बसलो तर साधना, तिथे गप्प बसलो तर आजार, एवढाच फरक आहे आणि मला पहिलं पसंत आहे. यातलं अक्षर शेखर, शुभांगी किंवा कोणाच्याही कानावर घालायचं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ.

आशीर्वाद आहेत, तूही बहिणीसारखी माया ठेव, फौजदारासारखी नको.
दादा


नांदगाव,
२७ जुलै

ती. दादास,
कुसाचा शि. सा. न. वि. वि.

तू आणि मौन. बारशाला नाव ठेवायच्या आधी तू आत्याबाईला उलटं बोलला असशील. शाळेत मास्तर म्हणायचे सावळीराम गप्प बस म्हणजे मला शिकवता येईल. चार महिने तू बोलणार नाय हे फक्त शुभांगीलाच पटू शकतं, ती बिचारी तुला तीस वर्षंच ओळखती.

मी सातवी शिकले पण मोजता येतं. आधी चार ओळी. आता दोन. डॉक्टरणीनं सांगितलं आवाज ऐका, तर तू आवाजच बंद केला. सांगितलं घास अडतो का बघा, तर तू घासच सोडून पेज धरली. चोरानं दोन्ही दारं आतून लावली आणि वर देवाचं कुलूप घातलं. देवाला तरी असल्या कामाला लावू नको. त्याला त्याची कामं हायती.

आमच्या ह्यांना पत्र वाचून दाखवताना तेवढं गाळलं. शपथ घातली ना. शपथ घालायला गळाच सापडला, तो पण बिघडलेला. आता सरळ एका कागदावर शपथ सुटली असं लिही आणि धाड. मी त्याच घटकेला शुभांगीला फोन करते. नायतर तूच सांग. नळीला भ्यायला तर नळीच यील, कारण तू उशीर करतोय.

दहीहंडीच्या आत उत्तर पाहिजे. रागावले हाय, पण तुझीच,
कुसा


नाशिकरोड,
दि. ७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. कुसाबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्रातला त्रागा वाचला. मास्तर असं म्हणायचे हे खरं आहे, पण मग कविता म्हणायला मलाच उभं करायचे, ते तू सोयीने विसरलीस.

इथे मोठी गंमत झाली आहे, ती ऐक म्हणजे राग जाईल. शुभांगीने मौनाची गोष्ट खालच्या मजल्यावर सांगितली. खालच्या मजल्याने सोसायटीला सांगितली. परवा श्रावणाचा पहिला सोमवार, तर सकाळपासून दाराशी चपलांचा ढीग. स्टिरॉइडने माझं तोंड पुरणाच्या पोळीसारखं फुगलं आहे, त्याला या बायका तेज म्हणतात. पापण्या अर्ध्या खाली लोंबतात, त्याला ध्यान म्हणतात. डोकं मानेवर राहत नाही म्हणून मी हनुवटीला हात लावून बसतो, तर एक बाई दुसरीला सांगत होती की ही खास मुद्रा आहे, हिमालयात शिकवतात. मी हिमालयाच्या दिशेने सर्वात लांब गेलो तो आपल्या नांदगावपर्यंत. केळी इतकी जमली आहेत की शुभांगी शिकरण करून कंटाळली, आणि मला त्यातलं एकही गिळवत नाही.

आणि कोण आलं असेल ओळख. नाथा पगार. बागेत जो मला दारुडा ठरवून मोकळा झाला तो. येऊन पायाशी बसला आणि पाय चेपायला लागला. म्हणाला, सावळीराम, आम्ही तुला ओळखलं नाही. मी पापण्या होत्या तशाच ठेवल्या. आयुष्यभर हा माणूस माझ्या कवितेच्या मध्येच पाणी प्यायला उठायचा. काहीही न म्हणता मी त्याला दीड तास बसवून ठेवला. एवढा वेळ तर मला कोणत्याच श्रोत्याने दिला नव्हता.

बाहेरची मंडळी भोळी आहेत म्हणावं तर तसंही नाही. बोलणाऱ्या म्हाताऱ्याला हे बाकावर सरकायला जागा देत नव्हते. म्हातारा गप्प झाला तर फुलं वाहतात. यात त्यांची अक्कल किती आणि माझी किती, हिशेब तूच कर.

दवाखान्याची तारीख होती, ती टाळली. मौनात डॉक्टरांशी काय बोलणार. न्हाणीघरातली परीक्षा काल पुन्हा दिली. एक ओळ. तीही छोटी.

शपथ आहे तशी आहे. माया पातळ करू नकोस, माझ्या ताटातलं तेवढं पातळ पुरे.
दादा


नांदगाव,
१२ ऑगस्ट

ती. दादास,
कुसाचा शि. सा. न. वि. वि.

या पत्रात चेष्टा नाय. तुझं पत्र वाचून हसायला आलं आणि हसता हसता शेवटावर आले. एक ओळ. तू ती मुद्दाम लिहिलीस, नायतर लिहायचं काय कारण होतं. तुला वाटतं कुणीतरी ओळखावं, पण तुला सांगावं लागू नये.

मी शपथ मोडून फोन का करत नाय असं तुला वाटत असंल. दादा, तुला कधी सांगितलं नाय. मी नऊ वर्षांची होते. शेजारच्या मळ्यातल्या कैऱ्या पाडल्या आणि आईच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की मी नाय पाडल्या. तिसऱ्या महिन्यात आई गेली. घशाच्याच दुखण्यानं. सगळे म्हणले ते दुखणं आधीपासूनचं. असंल. मी शिकलेल्या लोकांशी वाद घालत नाय. पण त्या दिवसापासून मी कुणाच्या गळ्याची शपथ खाल्ली नाय आणि कुणी घातलेली मोडली नाय. तू मला नेमकी तीच घातली.

आता मी रोज सकाळी फोन हातात घेते, शुभांगीचा नंबर काढते आणि ठेवून देते. परवा आमचे हे बघत होते. म्हणले, काय गं. मी काय बोलले नाय. तुझं मौन मला लागलं.

गडावरच्या आईला विचारलं, मोडू का. ती काय बोलली नाय. तिला पण घातलीस का शपथ.

दोन शब्द हायती दादा. लिहून धाड. नाय लिहिले आणि तुला काय झालं, तर मी गप्प बसले म्हणून झालं असं मी मरेपर्यंत म्हणत राहीन. आणि लिहिले नसताना मी बोलले आणि तुला काय झालं, तर बोलले म्हणून झालं. मला दोन्हीकडून धरून तू डोळे मिटून बसलास, आणि लोक त्याला ध्यान म्हणतात.

कुसा


नाशिकरोड,
दि. १६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. कुसाबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. मी ते तीनदा वाचलं. एका हाताने पापणी वर धरून, दुसऱ्या हाताने कागद.

आईचं मला माहीत नव्हतं. पासष्ट वर्षं तू हे एकटी वागवलंस आणि मी तुला पत्रांतून पुरणपोळी आणि हिमालय ऐकवत बसलो. आई कैऱ्यांनी गेली नाही, कुसे. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, वडिलांबरोबर तिला डॉक्टरकडे नेताना बैलगाडीत मीच होतो. डॉक्टर वडिलांना म्हणाले होते की वर्षभर आधी आणायला हवी होती. ती कोणाला सांगत नव्हती. गिळताना दुखतं म्हणायच्या ऐवजी आज उपास आहे म्हणायची. हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं की मी कोणाचा मुलगा आहे.

शपथ सुटली. सुटली. सुटली. तीनदा लिहिलं आहे, एखादं टपालात हरवलं तरी दोन पोहोचतील.

पण हे पत्र तुला मंगळवारी मिळेल आणि खरं सांगायचं तर मंगळवार मला लांब वाटतो. काल सकाळी गोळी गिळायला पाणी घेतलं ते नाकातून बाहेर आलं. शुभांगीने पुन्हा पेला पुढे केला, तर लाजेने मी पाटीवर लिहिलं, पाणी नको. संध्याकाळपर्यंत साऱ्या सोसायटीत झालं की बाबांनी पाणीही वर्ज्य केलं. रात्री दोन बायका हार घेऊन आल्या. शेखर सातपूरहून दुसरी पाळी करून आला, तो दारातच हात जोडून उभा. मी पाटी उचलली, खरं काय ते लिहायचं म्हणून. नाथाने ती हळूच काढून घेतली आणि म्हणाला, आता हेसुद्धा कशाला, तुमच्या नुसत्या बसण्यातून आम्हाला सगळं कळतं. या माणसाला आयुष्यात काही कळलेलं नाही, आणि मी ते त्याला सांगू शकत नव्हतो.

आज बसल्या जागी श्वास वरच्यावर चालला आहे. अर्धी ओळसुद्धा जमत नाही. या लोकांची मी खूप टवाळी केली, पण त्यांनी मला कोंडलं नाही. मखर मीच बांधलं, आत मीच बसलो, आणि आता खाली उतरायला मलाच लाज वाटते. सोळा माणसांसमोर तोंड उघडायचं आणि त्यातून गेंगाणं काहीतरी बाहेर पडायचं. नळीची भीती होती असं मी तुला लिहिलं. खरं तर मी हसण्याला जास्त भ्यालो. बागेतल्या हसण्याला.

श्रावणी शुक्रवार आहे म्हणून आज गर्दी लवकर जमली आहे. शुभांगी सगळ्यांना फुटाणे आणि साखर वाटते आहे. शेखर झोपला आहे. मी हे पत्र मांडीवर धरून लिहितो आहे आणि बायकांना वाटतं की बाबा ग्रंथ लिहितात. एक जण वाकून बघायलाही आली, तिला चष्मा नव्हता म्हणून वाचलो.

बेल वाजली. आणखी कोणी आलं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कोणा मैत्रिणीला आणलं आहे. कलाबाई म्हणून हाक मारली. हातात नारळ, पाय सुजलेले, दोन जिने चढून धापा टाकते आहे. चपला काढता काढता सांगते आहे की मुलीची सुट्टी होती म्हणून तिलाच गाडी काढायला लावली, ती येत नव्हती, तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आईसाठी आली. मुलगी मागे आहे. ती आली. दारातच थांबली आहे.

हर्षालीबाई आहेत.

पांढरा कोट नाही म्हणून क्षणभर ओळखलं नाही. आईने नारळ लेकीच्या हाती देऊन माझ्या पायावर डोकं टेकलं आहे. त्यांनी टेकलेलं नाही. हार, केळी, माझ्या हनुवटीखालचा हात, सगळं एकेक करून बघितलं. मग माझ्या छातीकडे बघत राहिल्या. आता शुभांगीला विचारत आहेत की हे किती दिवस बोलले नाहीत. शुभांगी अभिमानाने सांगते आहे, एकादशीपासून. त्यांनी नारळ जमिनीवर ठेवला. माणसं बाजूला सारत इकडे येत आहेत, आणि मलाच विचारत आहेत की बोलत नाही की बोलता येत नाही.

नाथा त्यांना सांगतो आहे की बाबा उत्तर देणार नाहीत.

कुसे, आता लिहीत नाही. बोलतो.